वाळूतली खूण आणि वहीतली नोंद

(नारायणगड, जि. बीड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समुद्राचा विषय घेऊन बीड जिल्ह्यात बोलायला उभे राहणे हे जरा धारिष्ट्याचेच काम आहे. इथून जवळात जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात खाऱ्या पाण्यातल्या कासवांची चिंता कोणी वाहावी, असे कुणाच्या मनात आले तर त्याला दोष देता येणार नाही. पण बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा माजलगावच्या पुढे मंजरथला गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे इथल्या ओढ्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी धरणात, बंधाऱ्यात अडकली नाही, तर तिचा शेवटचा मुक्काम समुद्रच आहे. आणि कासव तर इथल्या माणसाला परके नाहीच. नगद नारायण महाराजांच्या या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. इथल्या वारकऱ्याने देवळादेवळांच्या सभामंडपात जमिनीत कोरलेले कासव लहानपणापासून पाहिले आहे, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून पाऊल जपून टाकले आहे. मला आज जे सांगायचे आहे त्याची अडचण इथूनच सुरू होते. कारण ज्या महाराष्ट्रात कासवाला देवासमोर जागा दिली, त्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कासवाची अंडी उकरून खाल्ली गेली आणि विकली गेली. पूजेने कासव वाचले नाही.

अलीकडे परिषदांमधून, सरकारी आराखड्यांमधून 'पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांची सांगड' हा शब्दप्रयोग फार ऐकू येतो. ऐकायला तो गोड आहे. एका बाजूला निसर्गाशी एकरूप झालेला कोळी, दुसऱ्या बाजूला दुर्बीण घेतलेला शास्त्रज्ञ, दोघांनी हात मिळवले की मासे, कासवे, डॉल्फिन सगळे सुखात. हे चित्र मला पटत नाही. पारंपरिक ज्ञान हे मुळात कसब आहे, आणि कसबाला स्वतःची नीती नसते. ज्या हाताला वाळूतले घरटे अचूक सापडते तो हात अंडी चोरूही शकतो आणि राखूही शकतो. विज्ञानाचेही तेच. ज्या यंत्राने माशांचा थवा शोधून त्याचा अभ्यास करता येतो, त्याच यंत्राने तो थवा एका रात्रीत उपसता येतो. तेव्हा दोन ज्ञाने एकत्र आणली की संवर्धन आपोआप होईल, ही समजूत भाबडी आहे. संवर्धन तेव्हा होते जेव्हा ज्याला माहीत आहे त्याला निर्णयात वाटा मिळतो, आणि त्याने सांगितलेले तपासून पाहिले जाते. यातली एक गोष्ट असून दुसरी नसेल तर काय होते, याची उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावर आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली तिथे गेले ते कासवांसाठी नव्हे. समुद्री गरुडाच्या घरट्यांचा शोध घेत गेले होते. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी इथे अंडी घालायला येतात आणि बहुतेक घरटी माणसे किंवा कुत्री-कोल्हे फस्त करतात, हे त्यातून उलगडत गेले. कायदा तेव्हाही होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीत, हे कासव बसलेले आहे. पण रात्री दोन वाजता निर्मनुष्य वाळूत कायदा फिरकत नाही. संस्थेने गावातल्याच माणसांना मानधनावर किनारा राखायला लावले. अंडी कुठे असतात हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांची नजर आता घरटी राखण्याच्या कामी आली. पहिल्याच हंगामात पन्नास घरटी राखली गेली आणि सुमारे २,७०० पिल्ले समुद्रात गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घराघरांत त्यांच्या जेवणा-राहण्याची सोय झाली, आणि कासव जिवंत असण्यात गावाचा रोकडा फायदा दिसू लागला.

त्या नजरेत नेमके काय असते, ते जरा जवळून पाहू. कासवीण रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढून येते आणि पहाटेआधी परत जाते. मागे उरतात त्या दोन माग-रेषा, एक येण्याची आणि एक जाण्याची. ऑलिव्ह रिडले आळीपाळीने वल्हे मारत सरपटते, म्हणून डाव्या-उजव्या खुणा एकासमोर एक न पडता मागेपुढे पडतात. दोन रेषा जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते, पण अंडी त्या विस्कटलेल्या भागात नेमकी कुठे, हे डोळ्याला दिसत नाही. कधी कधी ती वर येऊन जागा न आवडल्याने तशीच परत गेलेली असते. जाणकार माणूस काठीने किंवा टाचेने वाळू दाबून पाहतो. भोवतालची वाळू घट्ट लागते आणि एका जागी ती सैल लागते. तिथे दीड फुटाच्या आसपास खाली सुरईच्या आकाराचा खड्डा आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी. हे कसब कोणत्याही पदवी-अभ्यासक्रमात मिळत नाही. पण इथून पुढचे जे आहे ते या कसबात नव्हते. अंडी हलवायची असतील तर घातल्यापासून काही तासांतच हलवली पाहिजेत. नंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो, आणि अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो. नव्या जागी खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल हवा. आणि वाळू किती तापते त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते: साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या वाढतात, खाली नर. अंडी खाणाऱ्याला यातले काही जाणून घ्यायची गरजच नव्हती. त्याचे ज्ञान घरटे सापडले की संपत होते. पिल्लू जगवण्याचे ज्ञान तिथून सुरू होत होते. वेळासमध्ये दोन्ही एका पहाटेच्या फेरीत एकत्र आली ती भाषणांनी नव्हे, ज्याला घरटे सापडते त्याला मानधन आणि मान मिळाला म्हणून.

यावर पहिला आक्षेप सुशिक्षित माणसाचा असतो. तो म्हणतो, परंपरेत ज्ञान किती आणि समजूत किती हे कोण ठरवणार? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. परंपरेचे गोडवे गाणारे तो टाळतात, म्हणून विशेष मोलाचा वाटतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून पाऊस, पीक आणि अगदी राजकारणाचेही भाकीत वर्तवतात. वर्तमानपत्रे ते दरवर्षी छापतात. तीही परंपराच आहे, आणि तिच्याशी जोडलेल्या भावनेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण घटातल्या धान्याची हालचाल आणि चार महिन्यांनी पडणारा पाऊस यांना जोडणारा धागा तिथे दाखवता येत नाही. आता याच्या शेजारी भरतीचा हिशेब ठेवा. कोकणात पूर्वापार एक सूत्र आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एकादशीला तेहेतीस भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. सकाळी आणि रात्रीही. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हे सूत्र तपासता येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकी मागे सरते. तिथीच्या मापाने हा फरक अठ्ठेचाळीस मिनिटांचा पडतो आणि सूत्र पंचेचाळीस धरते. पंधरा तिथींत पाऊण तासाची तूट साचते, ती पक्ष बदलताना आपोआप झटकली जाते. शिवाय मुंबईला चालणारे सूत्र रत्नागिरी-मालवणला जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण दक्षिणेला भरती थोडी आधी येते. म्हणजे सूत्राला मर्यादा आहे, ती मर्यादा मोजता येते, आणि मच्छीमार ती आपल्या बंदरापुरती दुरुस्तही करून घेतो. घट आणि सूत्र दोन्ही पंचांगाला धरून आहेत, पण सूत्र चुकले तर रोज कळते आणि घटाची चूक पुढच्या वर्षीच्या उत्साहात विसरली जाते. पारंपरिक ज्ञान कशाला म्हणावे याची माझी कसोटी इतकीच आहे: चुकल्यावर ज्याचा फटका सांगणाऱ्याला स्वतःला बसतो आणि म्हणून जे सतत घासूनपुसून घेतले जाते, ते. उधाणाला डोल जाळे कुठे लावायचे हे चुकले तर तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, फेरी फुकट जाते. शास्त्रज्ञ याला पडताळणी म्हणतो, तांडेल काहीच म्हणत नाही, पण करतो तेच.

नारळी पौर्णिमेचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायचा आणि मग मासेमारी सुरू करायची, ही कोळ्यांची रीत. पूर्वी महाराष्ट्रात सरकारी बंदी संपण्याची तारीखही या सणाशी जोडलेली असे. आता सगळ्या पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या अनेक संघटना म्हणतात की ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवी, समुद्र तोवर शांत होत नाही आणि मासळीची वीणही पुरती झालेली नसते. यांत्रिक नौकांना लवकर निघायचे असते. इथे परंपरावाद्याला वाटेल, नारळी पौर्णिमा हीच खरी शास्त्रीय तारीख. पण २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. २०२५ साली ती ८-९ ऑगस्टलाच होती. तीन आठवड्यांचा हा झोका पंचांगाचा आहे, माशांचा नाही. माशाला अधिक महिना पाळावा लागत नाही. म्हणून सणाला जैविक सीमा मानणे चूक. पण सणामागचे निरीक्षण फेकून देणे ही त्याहून मोठी चूक. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्राला अजून ओढ असते, लहान होड्यांना धोका असतो, जाळ्यात पिल्ले जास्त येतात, हे दावे तपासण्यासारखे आहेत. बंदरावर उतरलेल्या मासळीची लांबी आणि अंडकोशाची अवस्था ऑगस्टमध्ये आठवड्याआठवड्याने नोंदली, तर या भांडणाचा निम्मा भाग मोर्चाऐवजी मोजपट्टीने सुटेल. उरलेला निम्मा हितसंबंधांचा आहे, तो मोजपट्टीने सुटणार नाही, हेही कबूल केले पाहिजे.

लोकांचे सांगणे तपासले आणि शास्त्राला आपला आकडा बदलावा लागला, असे जगातले सर्वात ठळक उदाहरण उत्तर अलास्कातले आहे. तिथले इनुपियात लोक बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार शेकडो वर्षे करत आले. १९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने त्यांच्या शिकारीवर बंदी घालायचे ठरवले, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हे देवमासे फार तर दीड-दोन हजारच उरले होते. शिकाऱ्यांचे म्हणणे पडले की तुम्ही चुकीच्या ठिकाणी मोजता. शास्त्रज्ञ बर्फाच्या कडेवर बसून मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यातून जाणारे देवमासे मोजत. बर्फाखालून कुणी जात नाही असे ते धरून चालले होते. इनुपियात सांगत होते की देवमासे बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, आणि बरेचसे किनाऱ्यापासून इतके दूर जातात की कडेवरून दिसतच नाहीत. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा शिकारी आयोग स्थापन केला आणि मोजणीत उतरले. १९८० च्या दशकात पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून देवमाशांचे आवाज टिपले गेले, विमानातून पाहणी झाली, आणि शिकाऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. २०११ च्या मोजणीत ही संख्या सुमारे सतरा हजार भरली. यात मधल्या काळातली वाढही आहे, पण मूळ आकडा मुळातच फार कमी धरला गेला होता हे निर्विवाद. या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की शिकाऱ्यांनी 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे म्हटले नाही. त्यांनी 'इथे ऐका' असे म्हटले, आणि ऐकण्याची यंत्रे तिथे लावायला लावली. त्यांचे ज्ञान शास्त्राला पर्याय म्हणून आले नाही. कुठे पाहायचे ते त्याने शास्त्राला सांगितले.

समुद्रात काम करणाऱ्याने शास्त्राला वाट दाखवल्याचे आणखी एक उदाहरण आहे. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात अडकून गुदमरणाऱ्या कासवांना बाहेर पडायला वाट देणारे यंत्र आज जगभर वापरले जाते. भारतीय जाळ्यांत ते नव्हते म्हणून अमेरिकेने २०१९ साली आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबवले, त्याचा फटका आपल्या किनाऱ्यालाही बसला. या यंत्राचा उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून नावाच्या कोळंबी पकडणाऱ्या माणसाने जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशना हाकलण्यासाठी एक तिरकी जाळी बसवली होती. कासवे बाहेर निघतात हा त्याचा दुसरा फायदा नंतर ध्यानात आला, आणि सरकारी शास्त्रज्ञांनी आखलेल्या जड पिंजऱ्यापेक्षा मच्छीमारांना हीच जाळी जास्त पसंत पडली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना साजेसा प्रकार तयार केला आहे. तरी खलाशी कुरकुरतो की कासवाबरोबर मासळीही निसटते. ही कुरकुर अडाणीपणा म्हणून झटकली तर यंत्र जाळ्याला बांधले जाईल आणि बंदर सुटले की सोडून ठेवले जाईल. तीच कुरकुर माहिती म्हणून घेतली तर सळ्यांमधले अंतर आणि कोन सुधारता येतात.

निर्णयात वाटा न देता शास्त्र आणले की काय होते, याचे आपले ठळक उदाहरण मालवणचे. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा २९.१२ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जागा शास्त्रीयदृष्ट्या उत्तम निवडली होती. तिथे प्रवाळ आहेत, शैवाल आहे, माशांच्या जाती भरपूर आहेत. पण हीच जागा रापणकरांची आणि लहान होडीवाल्यांचीही होती. पन्नास-साठ माणसे किनाऱ्यावरून एकच जाळे ओढतात आणि मासळी हिश्शाने वाटून घेतात, त्या रापणीला खोल समुद्र उपयोगाचा नाही. त्यांना न विचारता रेघ ओढली गेली. विरोध झाला, तो वर्षानुवर्षे टिकला, आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले. यातली खंत अशी की रापणकरांचा आणि अभयारण्याचा शत्रू एकच होता. किनाऱ्यालगत घुसणारे ट्रॉलर आणि पुढे अख्खा थवा जाळ्याने वेढून उपसणाऱ्या पर्ससीन नौका दोघांनाही नको होत्या. पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले, ते पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यानंतरच. जे लोक अभयारण्याचे पहिले राखणदार झाले असते त्यांना आपण पहिले विरोधक करून ठेवले.

गुजरातचा अनुभव याच्या उलट आहे, आणि गडावर बसून तो ऐकण्यात गंमत आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा तेलासाठी मोठ्या प्रमाणावर मारला जाई. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण शिकार थांबवायची तर गावोगाव पोचायला हवे होते. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाच्या मोहिमेत कथाकार मोरारी बापू उतरले. त्यांनी सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचे नसते. त्यानंतर मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले. यावर कठोर माणूस म्हणेल, तो मासा खरेच बाळंतपणाला येतो का, हे शास्त्राने पुरते ठरवलेले नाही. मग ही भावनिक फसवणूक झाली नाही का? मला तसे वाटत नाही, कारण ती उपमा होती आणि लोकांना उपमा कळते. पण उपमेने एक गोष्ट भागली नव्हती. हजारो रुपयांचे जाळे कापायचे तर त्याची भरपाई हवी होती, आणि ती मिळू लागली तेव्हाच माणसे टिकून राहिली. सुरुवातीला मासा खरोखर सोडला हे पाहायला अधिकारी यायचा, तोवर मासा जाळ्यात तडफडत राहायचा. मग मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे दिले गेले, फोटो काढा आणि लगेच सोडा. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित समुद्री प्राणी जाळे कापून सोडणाऱ्याला, पुराव्याच्या फोटो-चित्रफितीवर, २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. तिच्यातून भरपाईबरोबरच आणखी एक गोष्ट हाती आली, जिची चर्चा कमी होते. प्रत्येक फोटोबरोबर कुठल्या महिन्यात, किती खोलीवर, कोणत्या जाळ्यात कोणता प्राणी येतो याची नोंद जमा होते. इतकी माहिती मिळवायची तर संशोधकाला किती बोटी भाड्याने घ्याव्या लागल्या असत्या!

आता सर्वात अवघड आक्षेप. मच्छीमारांना समुद्र इतका कळत होता तर समुद्र रिकामा का झाला? पापलेट कमी झाले म्हणून २०२३ साली महाराष्ट्राने त्याला राज्यमासा घोषित केले. राज्यमासा करण्याची वेळ यावी हीच अवस्थेची कबुली आहे. याचे एक उत्तर असे दिले जाते की समुद्र उपसला तो मोठ्या भांडवलाने, पारंपरिक मच्छीमाराने नव्हे. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण पुरते नाही. बारीक छिद्रांची जाळी पारंपरिक होड्यांतही असतात, आणि कासवाची अंडी काही पर्ससीनवाल्यांनी नेली नव्हती. दुसरी गोष्ट, अनुभवाच्या ज्ञानाला स्मरणाची मर्यादा असते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच 'मूळ' समुद्र धरते आणि घसरण तिथूनच मोजते. आजोबांच्या भरघोस जाळ्याची गोष्ट नातवाला अतिशयोक्ती वाटते. इथे जुन्या बंदरांची दप्तरे, लिलावाच्या वह्या आणि शास्त्रीय नमुने कामी येतात. आणि काही गोष्टी कोणत्याही अनुभवाच्या पलीकडच्या आहेत. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला धातूचा बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. त्याआधी २०२३ साली गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे निराळी, असे धरून चालणाऱ्यांना हा धक्काच होता. कुठलाही तांडेल आयुष्यभर समुद्रात राहून हे सांगू शकला नसता. मात्र गुहागरच्या वाळूवर तो बिल्ला कुणाच्या तरी पहाटेच्या फेरीत दिसला म्हणूनच हे कळले, हेही विसरू नये.

ज्याने पाहिले त्याचे नाव नोंदीत राहते का, हा प्रश्न यातूनच निघतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असावी असे ठरले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या कल्पनेचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला होता. ती वही किनाऱ्यावर आहे तशी बीड जिल्ह्यातल्या गावांतही असायला हवी, कारण माळरानावरचे गवत, पाखरे आणि मेंढपाळांची माहिती हेही याच जातीचे ज्ञान आहे. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर २०१९-२० च्या सुमारास देशभर या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. अशा घाईत वनस्पतींच्या याद्या शेजारच्या गावाच्या वहीतून उतरवल्या जातात आणि माणूस गळतो. कोणत्या ओहोळात कोणता मासा कधी चढतो हे सांगणाऱ्या बाईचे नाव, तिने ते कधी पाहिले, आणि पुढच्या वर्षी ते तसेच घडले का, एवढे तीन रकाने त्या वहीत असते तर ती सरकारी कागद न राहता चालू नोंद झाली असती.

शेवटी किनाऱ्यावरच्या एका चालू वादाकडे वळतो. वेळासने उभी केलेली रीत अशी, की अंडी मूळ घरट्यातून काढून कुंपण घातलेल्या जागेत पुरायची. कुत्र्यांपासून, चोरांपासून ती वाचतात, आणि पाहुण्यांना पिल्ले समुद्रात जाताना दाखवता येतात. आता शास्त्रज्ञांचा कल शक्य तिथे घरटे जागच्या जागी राखावे याकडे आहे. कुंपणातली वाळू उघड्यावर जास्त तापली तर सगळ्या माद्याच निपजण्याचा किंवा पिल्ले आतच मरण्याचा धोका असतो, आणि हवामान तापत चालले आहे. गावाचा आक्षेप असा, की जागच्या जागी म्हणजे विखुरलेली पन्नास घरटी, रात्रीची दहापट राखण, आणि पाहुणे दाखवणार काय? दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत, आणि इथे कुणी कुणाला परंपरेच्या किंवा विज्ञानाच्या नावाने गप्प करू नये. काही किनाऱ्यांवर निम्मी घरटी जागेवर आणि निम्मी कुंपणात ठेवावीत, दोन्हीकडे तापमापक पुरावेत, कुठली जागा सावलीची आणि कुठे उधाण पोचत नाही हे किनारा राखणाऱ्या गावच्या कासवमित्रांनी निवडावे, राखणीचा वाढीव खर्च वनखात्याने उचलावा, आणि पाच हंगाम तरी हे चालू द्यावे. कोणत्या घरट्यातून किती पिल्ले निघाली, वाळू किती अंशांवर गेली, किती घरटी कुत्र्यांनी उकरली, हे आकडे दरवर्षी हंगाम संपल्यावर मराठीत लिहून आधी ग्रामसभेपुढे यावेत आणि मग शोधनिबंधात जावेत. या क्रमात आकड्यांमधली चूक काढायला पहिली माणसे तीच असतील, जी त्या वाळूवरून रोज पहाटे चालली आहेत.